घटक ४ : स्वास्थ्य, विश्रांती आणि कामाची उत्पादकता

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणास :
• उत्पादन आणि उत्पादकता या संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मुंबईतील गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या मागणीचा कामाच्या दर्जाशी असलेला संबंध सांगता येईल.
• झोप, विश्रांती व कामाची परिस्थिती यांचा स्वतःच्या नोकरीवर आणि अध्ययनावर होणारा परिणाम तपासता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हा घटक आपण दिवसाच्या कोणत्या वेळी वाचत आहात हे आम्हांला ठाऊक नाही, पण अंदाज करता येतो. दूरशिक्षणाचा विद्यार्थी बहुधा नोकरी, शेती, दुकान किंवा घरसंसार सांभाळून शिकत असतो. त्याचे पुस्तक उघडते ते रात्रीची भांडी आवरल्यावर, पाळी संपवून घरी परतल्यावर किंवा पहाटे घर जागे होण्यापूर्वी. अभ्यासासाठी काढलेला हा वेळ बहुतेक वेळा झोपेतून काढलेला असतो. म्हणून या घटकाचा विषय आपल्याला परका नाही. किंबहुना, तो वाचताना आपल्याला जांभई आली तर तेही विषयाला धरूनच होईल.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ निश्चित करू. 'उत्पादन' म्हणजे तयार झालेला एकूण माल किंवा पुरे झालेले एकूण काम. 'उत्पादकता' म्हणजे खर्ची पडलेल्या वेळेच्या आणि श्रमाच्या प्रमाणात झालेले काम. एक कारकून बारा तास बसून साठ नोंदी करतो आणि दुसरा आठ तासांत छप्पन्न. पहिल्याचे उत्पादन अधिक आहे. उत्पादकता दुसऱ्याची अधिक आहे, कारण पहिल्याच्या ताशी पाच नोंदी होतात व दुसऱ्याच्या सात. आता पहिल्याच्या साठांपैकी सहा नोंदी थकव्यामुळे चुकल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कराव्या लागणार असतील, तर त्याचे उत्पादनही चोपन्नावर येते. कार्यालयात उशिरापर्यंत थांबणाऱ्याचे कौतुक करताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

'स्वास्थ्य' हा शब्दही थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. 'स्वस्थ' म्हणजे जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो. हिंदीत हा शब्द निरोगी या अर्थी रूढ झाला. मराठीत मात्र 'स्वस्थ बसणे' म्हणजे काहीही न करता बसणे, आणि 'स्वस्थ बसू नका' हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकाच शब्दात निरोगीपणा आणि रिकामपण हे दोन्ही अर्थ नांदत असले, तरी आपल्या बोलण्यात रिकामपणाला दोष चिकटलेला आहे. 'ऐदी', 'आयतोबा', 'कामचुकार' अशा शब्दांची मराठीत वाण नाही. दुसरीकडे, शेतकऱ्याच्या व्यवहारात विश्रांतीला फार मानाचे स्थान होते. उन्हे चढली की औत सोडायचे, बैलांना पाणी दाखवून सावलीला बांधायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीने मळायचे, जमीन थकली तर एखादे वर्ष पड ठेवायची. बैल आणि जमीन यांच्याबाबत जे शहाणपण होते ते माणसाला लागू करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र अर्ज, सभा आणि सह्या यांची गरज पडली. ती कथा मुंबईच्या गिरणगावातील आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ पाच मागण्यांचा अर्ज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या झपाट्याने वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला शेतकरी भोंग्याच्या वेळेवर जगू लागला. शेतातील कामाला ऋतूप्रमाणे भरती-ओहोटी असते; गिरणीला ती नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. उकाडा, दमट हवा, यंत्रांचा अखंड आवाज आणि श्वासाबरोबर आत जाणारे कापसाचे तूस यांत दिवस जाई. ठरावीक साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, पण त्याने संरक्षण दिले ते मुलांना. सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले गेले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांना त्यात हात लावलेला नव्हता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य समजून घेतले पाहिजे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. काही काळ त्यांनी स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केली होती. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणले आणि कामगारांच्या प्रश्नांना त्यात जागा दिली. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवण्यात आला. त्यातील मागण्या अशा होत्या : दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, महिन्याचा पगार फार तर पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात शरीराची विश्रांती आहे, जेवणाची उसंत आहे, घरच्यांबरोबर घालवायचा दिवस आहे. पगाराची तारीखही आहे, आणि तिचे स्थान विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. वाण्याची उधारी आणि खोलीचे भाडे थकलेला माणूस साच्यापुढे उभा असला तरी त्याचे चित्त साच्यावर नसते. अपघातानंतरच्या निर्वाहाची मागणी ही भविष्याच्या धास्तीसंबंधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १८८४ नंतर चौसष्ट वर्षांनी, १९४८ मध्ये अमलात आली. केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य, अशा आशयाची व्याख्या तिच्यात आहे. परळच्या सभेला जमलेल्या कामगारांनी ही व्याख्या वाचलेली असणे शक्य नव्हते; पण तिचे बहुतेक घटक त्यांच्या अर्जात आले होते. आमच्या मते हा अर्ज मराठी सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे आणि तो आहे त्याहून अधिक परिचित असायला हवा.

अर्जावर लगेच काही झाले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तिच्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास विसावा यांना कायद्याचा आधार दिला व स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. लोखंडे यांचे १८९७ मध्ये प्लेगने निधन झाले. आज रविवारी सकाळी उशिरा उठताना त्यांची आठवण होणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

४.२.२ तास कमी, काम अधिक

सुट्टी दिली, तास कमी केले, तर माल कमी निघेल, ही मालकवर्गाची भीती होती. ती वरवर पाहता अगदी रास्त वाटते. बारा तासांत बारा वार कापड निघत असेल, तर दहा तासांत दहा वारच निघणार, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब. पण माणसाच्या बाबतीत हे त्रैराशिक चुकते. ते किती चुकते हे युरोपात मोजून पाहिले गेले. त्यांपैकी दोन प्रयोग आपण पाहू.

जर्मनीतील येना या गावी सूक्ष्मदर्शक आणि भिंगे बनवणारा झाइस हा कारखाना आहे. त्याची सूत्रे पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट आबे यांच्याकडे होती. आबे यांचे वडील सूतगिरणीत काम करीत. रोज चौदा ते सोळा तास ते उभे असत. मुलगा दुपारचे जेवण घेऊन जाई आणि वडील यंत्राजवळ उभ्यानेच ते संपवून भांडे परत देत. ही आठवण आबे यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. परळच्या अर्जातील अर्ध्या तासाच्या विसाव्याची मागणी आणि ही आठवण एकमेकींजवळ ठेवून पाहावीत.

१९०० मध्ये आबे यांनी कारखान्याचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि कामाच्या नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगारांची आधीच्या व नंतरच्या वर्षाची कमाई तपासली. एकूण काम पूर्वीइतकेच राहायचे असेल, तर ताशी काम साडेबारा टक्क्यांनी वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे सोळा टक्क्यांनी वाढले. म्हणजे एक तास कमी काम करून दिवसाचे एकूण काम थोडे वाढलेच. गंमत अशी की, आपण अधिक वेगाने काम करीत आहोत याची कामगारांना विशेष जाणीवही नव्हती.

दुसरा प्रयोग पहिल्या महायुद्धातील ब्रिटनचा. तोफगोळ्यांची गरज इतकी निकडीची होती की, कारखान्यांत रविवारची सुट्टी रद्द झाली आणि स्त्री-पुरुष आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबू लागले. देशासाठी चाललेले काम असल्याने कोणी कुरकुरही करीत नव्हते. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना, म्हणून १९१५ मध्ये दारूगोळा कामगारांच्या आरोग्याविषयी जॉर्ज न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. समितीसाठी एच. एम. व्हर्नन यांनी कारखान्यांतील उत्पादनाच्या नोंदी आठवड्यांमागून आठवडे तपासल्या. तास बरेच कमी केल्यावर ताशी उत्पादन इतके वाढले की, काही कामांत आठवड्याचे एकूण उत्पादन घटण्याऐवजी वाढले. रविवारच्या कामाने तर पदरात काहीच पडत नव्हते. सात दिवसांच्या राबण्यातून साधारण सहा दिवसांचाच माल निघत होता. येथे लक्षात ठेवायची बाब अशी की, समितीचा हेतू दयेचा नव्हता. युद्ध जिंकण्यासाठी गोळे हवे होते आणि अधिक गोळ्यांसाठी विश्रांती हवी होती.

४.२.३ 'टंगळमंगळ' म्हणजे काय?

आता पुन्हा मुंबईकडे वळू. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा उरली नाही आणि काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. याविषयी तक्रारी वाढल्यावर सरकारने एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १९०८ मध्ये आला. त्या काळी मालकांची एक ठरलेली तक्रार असे : येथील कामगार सलग काम करीतच नाही, तो पाणी प्यायला जातो, विडी ओढायला जातो, अंगणात रेंगाळतो. गिरणीला त्यामुळे जादा माणसे ठेवावी लागतात. हा त्याचा स्वभावच आहे, असे म्हणून विषय संपवला जाई.

आयोगाचे एक सदस्य, मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर, यांना हे पटले नाही. त्यांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदवले. व्यवसायाने वैद्य असलेल्या नायरांचा विचार असा होता की, चौदा तास सलग यंत्रापुढे उभे राहणे माणसाच्या शरीराला शक्य नाही. व्यवस्था जो विसावा देत नाही, तो शरीर आपणहून मिळवते. मुकादमाला जी टंगळमंगळ दिसते, ती कामगाराची स्वतःला वाचवण्याची रीत आहे. तेव्हा तास कमी करा. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४८ च्या कायद्यात अठ्ठेचाळीस असा हा आकडा उतरत गेला.

नायरांचे निरीक्षण आपल्या कार्यालयांनाही लागू पडते. दुपारी चारच्या सुमारास टेबलावरून उठून विनाकारण पाण्याच्या पिंपाकडे जाणारा सहकारी, वर्गात तोच तो परिच्छेद पुन्हा वाचून दाखवणारा शिक्षक, मोबाइलवर बोट सरकवत बसलेला दुकानातील मुलगा यांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. त्यांच्यापैकी काही आळशी असतीलही. पण आधी त्यांचा दिवस कसा गेला, हे विचारायला हरकत नाही.

आपली प्रगती तपासा – १
(अ) १८८४ च्या अर्जातील पगाराच्या तारखेची मागणी स्वास्थ्याशी कशी जोडता येईल?
(आ) येना येथील प्रयोगात एकूण काम कायम राहण्यासाठी ताशी काम किती टक्क्यांनी वाढणे आवश्यक होते?
(इ) डॉ. नायर यांच्या मते कामगारांच्या रेंगाळण्याचे कारण कोणते?

४.२.४ जागरणाचा हिशेब

आतापर्यंत आपण कामाचे तास पाहिले. आता त्या तासांची दुसरी बाजू, म्हणजे झोप. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, सतत जागे राहिलेल्या व्यक्तींची हात आणि नजर यांच्या मेळाची चाचणी घेतली गेली आणि मद्य घेतलेल्या अवस्थेतील चाचणीशी ती ताडून पाहिली गेली. सतरा तासांच्या जागेपणानंतरची कामगिरी ही १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घसरली होती. आपल्या देशात वाहन चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. आता स्वतःचा दिवस मोजा. नळाला पाणी येते म्हणून किंवा लोकल पकडायची म्हणून पहाटे पाचला उठणारी व्यक्ती रात्री दहाला पुस्तक उघडते, तेव्हा बरोबर सतरा तास झालेले असतात. जी व्यक्ती त्या अवस्थेत गाडीची किल्ली हाती घ्यायला कचरेल, तीच व्यक्ती त्या अवस्थेत व्याकरणाचा घटक समजत नाही म्हणून स्वतःच्या बुद्धीला दोष देते.

एखाद्या रात्रीचे जागरण भरून निघते. खरा धोका रोज थोडी झोप कमी घेण्याचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. चौदा दिवसांच्या अखेरीस त्यांची एकाग्रता, एखाद-दुसरी रात्र अजिबात न झोपलेल्यांइतकी ढासळली होती. याहून चिंतेची गोष्ट अशी की, पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना स्वतःला झोप येत असल्याचे फारसे वाटेनासे झाले. 'मला सवय झाली आहे' असे आपण म्हणतो तेव्हा सवय झालेली असते ती घसरण न जाणवण्याची. घसरण चालूच असते.

अभ्यासाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते. त्यामुळे झोप तोडून वाचलेल्या जादा चार पानांसाठी आधीची पाने पुसट होण्याचा संभव असतो. हा व्यवहार तोट्याचा आहे.

४.२.५ चेन्नईतील अनुभव

येथवर वाचून आपण म्हणाल की, उपाय सोपा आहे, लवकर झोपावे. हा सल्ला किती पुरेसा आहे याची तपासणी आपल्याच देशात झाली आहे. काही अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत कमी उत्पन्न गटातील ४५२ प्रौढांना संगणकावर नोंदी करण्याचे काम दिले आणि त्यांची झोप मनगटावरील यंत्राने मोजली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रोज सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप होई ती साडेपाच तासांची. उकाडा, डास, रस्त्यावरचा आवाज, दाटीवाटीची खोली यांत झोप पुन्हा पुन्हा मोडे. संशोधकांनी काहींना सल्ला, साधने आणि पैशाचे प्रोत्साहन दिले. झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. परंतु कामात म्हणावी तशी सुधारणा आढळली नाही.

याच अभ्यासात काही जणांना कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास शांत जागी आडवे होण्याची सोय करून दिली होती. त्यांची उत्पादकता वाढली, मन अधिक प्रसन्न राहिले. अर्थात तो अर्धा तास कामातूनच वजा झाल्यामुळे, त्या वेळीही काम करीत राहिलेल्यांच्या तुलनेत दिवसाचे एकूण काम कमी भरले. पण तेवढाच वेळ नुसता मोकळा घालवणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले. मराठीत या अर्ध्या तासाला 'वामकुक्षी' असा भारदस्त शब्द आहे. दुपारी बंद असणाऱ्या पुण्याच्या दुकानांवरून तिची पुष्कळ थट्टा झाली आहे. चेन्नईच्या निष्कर्षांनंतर ती थोडी आवरती घ्यायला हरकत नसावी.

या अभ्यासाचा आमच्या मते महत्त्वाचा धडा असा. मोडक्या झोपेत आणखी अर्धा तास मिळवणे आणि शांत जागी घेतलेला विसावा या दोन गोष्टी सारख्या नाहीत. झोपेचा दर्जा खोलीवर, गल्लीवर, पंख्यावर अवलंबून असतो, आणि या गोष्टी निव्वळ इच्छाशक्तीने बदलत नाहीत.

४.२.६ जबाबदारी कोणाची?

अलीकडे अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग, ध्यानाची सत्रे आणि ताणमुक्तीची व्याख्याने होतात. त्यांचा उपयोग होत नाही असे नाही. परंतु ताणमुक्तीचे व्याख्यान जेवणाच्या सुट्टीत ठेवणारी कार्यालयेही आम्ही पाहिली आहेत, आणि तेव्हा लोखंड्यांचा अर्ज आठवल्याशिवाय राहत नाही. त्या अर्जात कामगाराने दीर्घ श्वास कसा घ्यावा याविषयी काही नव्हते. श्वास घेता येईल अशी उसंत द्या, अशी मागणी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट' या अवस्थेचे वर्णन केले. कमालीचा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था असे म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण कामात असेल तर उपायाचा मोठा भागही कामातच शोधावा लागतो. अतिकामाची किंमत केवळ थकव्याची नसते, हेही ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात व हृदयविकाराने जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू ओढवले.

१९४८ च्या कारखाना कायद्यातील 'कल्याण' हे प्रकरण या दृष्टीने वाचनीय आहे. धुण्याची सोय, प्रथमोपचार, उपाहारगृह, विसाव्याची खोली, पाळणाघर अशा तरतुदी त्यात आहेत. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसता यावे, यासाठीही एक कलम आहे. बसण्याची परवानगी कायद्यात लिहावी लागते, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. पण कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर उभे राहावे लागते म्हणून केरळात मोठे आंदोलन झाले आणि २०१८ मध्ये तेथे दुकानांसाठी तशी तरतूद झाली. आपल्यापैकी जे दुकानात काम करतात त्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

एक रविवार मात्र अजून यायचा आहे. १८९० मध्ये गिरणीला सुट्टी मिळाली, पण चूल रविवारीही पेटतच राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जातात असे आढळले. पुरुषांची ९७ मिनिटे. नोकरी, घर आणि पदवीचा अभ्यास अशा तीन पाळ्या करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना 'स्वतःची काळजी घ्या' असे सांगणे सोपे आहे. पण तो सल्ला खरे म्हणजे घरातील इतरांना उद्देशून असायला हवा : भांडी कोणी घासावीत, डबा कोणी भरावा, परीक्षेच्या महिन्यात पाहुण्यांचे कोणी पाहावे. 'माझी परीक्षा आहे' हे वाक्य घरात मोठ्याने आणि वेळेवर उच्चारणे, हाही लोखंड्यांच्या परंपरेतील एक अर्जच समजावा.

आपल्या हाती जे आहे तेही थोडके नाही. रात्री दहानंतर नवा घटक सुरू करण्याऐवजी आधी वाचलेल्याची केवळ उजळणी करावी. नवे, अवघड वाचन सुट्टीच्या सकाळी ठेवावे. एका बैठकीत चार तास बसण्यापेक्षा तोच अभ्यास चार दिवसांवर विभागला तर अधिक काळ लक्षात राहतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच हे दाखवून दिले आहे. जेवताना पुस्तक मिटलेले असावे. आणि संपर्कसत्राच्या आदल्या रात्री जागून स्वाध्याय पुरा करण्यापेक्षा, तो अपुरा घेऊन यावा व समंत्रकांना तसे सांगावे. बहुतेक समंत्रक स्वतःही नोकरी करून शिकवत असतात. ते समजून घेतील.

४.३ पारिभाषिक शब्द

उत्पादकता : खर्ची पडलेल्या वेळेच्या व श्रमाच्या प्रमाणात झालेले काम.
खाडा : कामावरील गैरहजेरी, बहुधा त्या दिवसाचे वेतन बुडते.
पाळी : कामाच्या दिवसाचा ठरवून दिलेला भाग.
उसंत : कामाच्या ओघात मिळालेली थोडी मोकळीक.
वामकुक्षी : दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली अल्प विश्रांती.

४.४ 'आपली प्रगती तपासा'ची उत्तरे

(अ) पगाराच्या अनिश्चिततेमुळे उधारी व भाड्याची चिंता वाढते आणि कामावरील लक्ष उडते. (आ) साडेबारा टक्के. (इ) कामाचे अतिदीर्घ तास. शरीराने आपणहून घेतलेला विसावा.

४.५ स्वाध्याय

१. १८८४ च्या अर्जातील मागण्या आणि १९४८ च्या कायद्यातील कल्याणविषयक तरतुदी यांची तुलना करा.
२. 'व्यवस्था जो विसावा देत नाही, तो शरीर आपणहून मिळवते.' या विधानाची आपल्या अनुभवाच्या आधारे चर्चा करा.
३. विश्रांती आणि आळस यांच्याशी संबंधित मराठी शब्द व वाक्प्रचार जमवा आणि त्यांतून श्रमाविषयीची कोणती दृष्टी व्यक्त होते ते लिहा.

क्षेत्रीय कार्य

(अ) एक आठवडाभर रोज उठण्याची, झोपण्याची व अभ्यासाची वेळ वहीत नोंदवा. प्रत्येक बैठकीत वाचलेल्या पानांपैकी दुसऱ्या दिवशी न पाहता किती आठवले, हेही पुढे लिहा. कोणत्या वेळेचे वाचन टिकले ते तपासा.

(आ) आपल्या कुटुंबातील किंवा परिसरातील, गिरणी, विडी कारखाना, साखर कारखाना, एस. टी. आगार अथवा शेतमजुरी यांत आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्या. सुट्टीचा दिवस कोणता असे, तो कसा जाई, आजारपणात पगाराचे काय होई आणि घरातील स्त्रियांना त्या दिवशी काय काम असे, हे प्रश्न अवश्य विचारा. मुलाखत त्यांच्याच बोलीत उतरवून काढा आणि पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.